चौकट आणि तिरके लाकूड

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून, आणि अलीकडे शाळांतूनही, आईस्क्रीमच्या काड्या व पांढरा सरस एवढ्याच सामग्रीवर पूल उभारण्याच्या चढाओढी होत असतात. पूल तयार झाला म्हणजे तो दोन टेबलांच्या कडांवर टेकवून त्याच्या मध्यावर एक बादली टांगतात, तीत वजने किंवा वाळू घालीत जातात, आणि ज्याचा सांगाडा स्वतःच्या वजनाच्या सर्वांत अधिक पट भार सोसून मग मोडतो, त्यास बक्षीस मिळते. ह्या खेळाकडे वडीलधारी मंडळी कौतुकाने, पण जराशी वरून पाहतात. काड्यांचे खेळणे ते. त्याचा संसारातील घरादाराशी काय संबंध, असा भाव त्या पाहण्यात असतो. आम्हांस तसे वाटत नाही. बारीक बारीक लाकडे एकमेकांस जोडून त्यांवर भार ठेवावयाचा, आणि तो सांगाडा उभा राहील की नाही हे आधीच ओळखावयाचे, हा प्रश्न फार जुना आहे. कृष्णाकाठी, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत, त्यास स्वतःचा असा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात माणसे दगावलेली आहेत.

प्रथम काडीविषयीच दोन शब्द लिहिणे भाग आहे. बाजारात मिळणारी ही काडी साधारण साडेअकरा सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद व दोन मिलिमीटर जाड असते. ती पालथी ठेवून मध्यावर दाबली तर सहज वाकते. तीच धारेवर उभी धरली तर पूर्वीपेक्षा पंचवीस पट ताठ होते. लाकूड तेच, वजन तेच. फरक केवळ उंचीचा. तिची दोन्ही टोके धरून ओढली तर ती तोडण्यास चांगलाच जोर लागतो. पण टोकांकडून दाबली तर थोडक्याच भाराने ती कमरेत लचकते आणि मोडते. मात्र लांबी निम्मी केली की हाच लचकण्याचा भार चौपट होतो. स्वित्झर्लंडातील बासेल येथे जन्मलेल्या ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७४४ साली हे गणित प्रथम मांडले. म्हणून ताण सोसणारी काडी लांब असली तरी चालते, दाब सोसणारी आखूड हवी किंवा तिला मध्ये कोठे तरी धरून ठेवावयास हवे, हे ज्या विद्यार्थ्यास उमगले त्याचा पूल इतरांच्या पुढे जातो.

परंतु काडीच्या ताकदीहून महत्त्वाची गोष्ट आकाराची. चार काड्यांची चौकट करावी आणि प्रत्येक कोपऱ्यास एकेकच टाचणी टोचावी. वरच्या काडीस बोटाने बाजूने ढकलले की चौकट कलते आणि बघता बघता जमिनीस टेकते. ह्यात एकही काडी मोडलेली नसते, एकही वाकलेली नसते. केवळ आकार गेलेला असतो. आता पाचवी काडी कर्णावर तिरकी टाचावी. तीच चौकट अशी घट्ट होते की काडी तुटल्यावाचून किंवा टाचणी निखळल्यावाचून ती हलत नाही. तीन भुजांची लांबी ठरली की त्रिकोण ठरला, हा युक्लिडाच्या पहिल्याच पुस्तकातला सिद्धांत आपण सर्वांनी शाळेत घोकला. पण त्यावर घर उभे असते, हे सांगणारा गुरुजी क्वचितच भेटतो.

आता आपल्या जुन्या घरांकडे वळू. साताऱ्यातील राजवाडे, वाईनजीक मेणवली येथील नाना फडणिसांचा वाडा, आणि कृष्णाकाठच्या गावोगावी अजून तग धरून असलेले इनामदार-सावकारांचे वाडे, ह्यांची रचना सामान्यतः एकाच जातीची आहे. दगडी जोते, त्यावर दगडी उथळी, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्ही अंगांस पसरलेले हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि कड्यांवर फळ्या किंवा चिपा घालून वर मातीचा थर. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणावयाचे, आणि घर किती खणी आहे ह्यावरून मालकाची ऐपत मोजावयाची, अशी चाल होती. एका लाकडाच्या टोकास कुसू काढून ते दुसऱ्याच्या सालीत बसवावयाचे, आणि सांध्यात लाकडी खुंटी किंवा पाचर मारावयाची. लोखंडाचे काम अगदी थोडे. हा सांगाडा वरून येणारा भार फार उत्तम रीतीने सोसतो. दीडदोनशे पावसाळे पाहिलेल्या तुळया अजून सरळ आहेत, हीच त्याची साक्ष. खरे सांगावयाचे तर जुन्या सुताराने लाकडाच्या बाबतीत हात फार सैल सोडला होता. आमच्या पाहण्यात आलेल्या कितीएक तुळया जवळजवळ चौरस कापाच्या आहेत. काडी धारेवर उभी करण्याचे तत्त्व वापरले असते तर तेवढ्याच भारास पुष्कळ कमी लाकूड पुरते. पण त्या काळी जंगल जवळ होते आणि तुळईच्या जाडीत घरमालकाची प्रतिष्ठाही होती.

मौजेची गोष्ट अशी की, ह्या वाड्यांच्या सांगाड्यात खांब व तुळया मिळून ज्या असंख्य चौकटी होतात, त्यांत तिरके लाकूड जवळजवळ कोठेच आढळत नाही. हस्ताचा आखूडसा आधार कोपऱ्यास थोडी ताठरता देतो, पण तेवढाच. मग जुन्या सुतारास कर्णाचे मर्म ठाऊक नव्हते काय? असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याच गावच्या शिवारात जाऊन पाहावे. ज्वारी हुरड्यास आली की पाखरे हाकण्यासाठी शेतकरी चार लांब मेढींवर माळा बांधतो, आणि वर उभा राहून गोफण फिरवितो. गोफणीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो माळा बाजूने हिसकला जातो. तेथे मेढींच्या मध्ये तिरक्या काठ्या दोरीने आवळलेल्या दिसतात. त्या बांधल्या नाहीत तर माळा पहिल्याच दिवशी कलतो, हे कोणी शिकविण्याची गरज पडत नाही. वाईजवळच्या बावधनास रंगपंचमीच्या दिवशी भैरवनाथाचे बगाड निघते. लाकडी गाड्यावर उभा खांब, खांबाच्या माथ्यावर लांबलचक शीड, शिडाच्या टोकाशी बगाड्या. आणि हे सारे बैलजोड्या जुंपून नांगरट झालेल्या रानातून ओढावयाचे. हा मनोरा जागच्या जागी ठेवतात ते दोरखंड. आणि ताणलेला तिरका दोर म्हणजे तरी दुसरे काय? त्या सांगाड्याच्या टोकाशी जिवंत माणूस असतो, तेव्हा बांधणारे दोराच्या प्रत्येक वेढ्याकडे किती बारकाईने पाहत असतील ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

तेव्हा तिरके लाकूड आपल्या लोकांस ठाऊक होते. फरक कोठे पडला हे पाहू गेले तर असे दिसते की, जेथे भिंत नव्हती तेथे ते आले, आणि जेथे भिंत होती तेथे ते गळाले. शेतातल्या माळ्यास भिंत नसते, बगाडास भिंत नसते. वाड्यास मात्र दोन-दोन हात जाडीच्या भिंती असतात, आणि चौकटीस बाजूने पडू न देण्याचे काम ती भिंत मुकाट्याने करीत असते. सुताराच्या दृष्टीने पाहता भिंत हीच त्याची तिरकी काडी. वारा येवो, माणसे जिन्यावरून धावोत, लग्नकार्यात माडीवर शंभर माणसे जमोत, भिंतीने आपले काम चोख केले. म्हणून सांगाड्यास ते कधी शिकावेच लागले नाही.

ह्याच संदर्भात सांगलीच्या आयर्विन पुलाकडे बोट दाखवावेसे वाटते. कृष्णेवरील हा कमानींचा दगडी पूल १९२९ साली, सांगली संस्थानच्या अमदानीत, खुला झाला, आणि त्या वेळच्या व्हाइसरॉयचे नाव त्यास मिळाले. नदीला पूर आला की आजही सारी सांगली ह्याच पुलाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारते. चाळीस फुटांस इशारा, पंचेचाळीस फुटांस धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन फुटांच्याही वर गेले होते. पूल दगडाचा खरा, पण दगडी कमान जन्मास येते ती लाकडाच्या मांडीवर. माथ्यावरचा चावीचा दगड बसेपर्यंत कमानीस स्वतःचे असे बळ नसते. तोवर तिचा सगळा भार खालच्या लाकडी सांगाड्याने, म्हणजे कालबुताने, तोलून धरावयाचा असतो. कालबुतास भिंत नसते. म्हणून त्यात तिरक्या लाकडांची दाटी असते, आणि कोणत्याही कमानीचे कालबूत पाहिले तर ते आमच्या विद्यार्थ्यांच्या काड्यांच्या पुलाचे थोरले भावंडच वाटते. चावी बसली, चुना धरला, की पाचरी हळूहळू सैल करून कालबूत उतरवावयाचे. तो दिवस गवंड्याच्या परीक्षेचा. पण त्याआधीचे सगळे दिवस सुताराच्या परीक्षेचे असतात, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. पूल राहतो, त्यावर नाव राहते; कालबुताची लाकडे सरपणास जातात.

परीक्षा हा शब्द आला आहे तर पश्चिमेकडे ती कशी होऊ लागली हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. इटलीतील पल्लादिओ ह्या वास्तुकाराने १५७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्रिकोणांनी बांधलेल्या लाकडी पुलांच्या आकृती दिल्या. १६३८ साली गॅलिलिओने लाकडाच्या बळाचे पहिले शास्त्र रचले, आणि त्यात एक फार उपयोगाची गोष्ट सांगितली, ती अशी की लहान प्रतिकृती टिकली म्हणून तीच मोठी केल्यावर टिकेल असे नाही. प्रत्येक माप दहापट केले तर लाकडाचा काप, म्हणून बळ, शंभर पट होते. पण वजन हजार पट होते. म्हणजे जो नमुना आपल्या वजनाखेरीज आणखी निदान नऊ पट भार सोसणार नाही, तो दहापट मोठा केल्यास स्वतःच्याच ओझ्याने खाली येईल. काड्यांच्या पुलाने पन्नास पट भार उचलला म्हणून हर्षभरित होणाऱ्या बालमित्रांनी हे विसरू नये.

ह्या नियमाची खरी कसोटी रशियात झाली. निझ्नी नोव्हगोरोदचा कुलिबिन नावाचा एक स्वशिक्षित घड्याळजी पीटर्सबर्गच्या अकादमीत यंत्रकार झाला होता. नेवा नदीवर एकाच झेपेचा, सुमारे तीनशे मीटर लांबीचा लाकडी कमानपूल बांधावा असे त्याच्या मनाने घेतले. लोक हसले. त्याने एक-दशांश मापाची, म्हणजे तीस मीटर लांबीची प्रतिकृती बांधली, आणि १७७६ च्या डिसेंबरात अकादमीच्या पंडितांसमक्ष तिजवर तीन हजारांहून अधिक पूद, म्हणजे पन्नास टनांच्या आसपास, भार चढविला. प्रतिकृती हलली नाही. तो भार पुढे कित्येक दिवस तसाच तिच्यावर ठेवण्यात आला. नमुन्यावरून खऱ्या पुलाचे बळ कसे काढावे ह्याचा नियम त्या वेळी ऑयलरनेच घालून दिला होता. आणि तोपर्यंत त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती हे ध्यानात घेतले म्हणजे आदर दुणावतो. पूल मात्र कधीच बांधला गेला नाही. पुढे शंभर वर्षांनी स्कॉटलंडातील फोर्थच्या खाडीवर पोलादी पूल उभारताना बेकर ह्या इंजिनिअराने लंडनच्या सभेत १८८७ साली अशीच एक परीक्षा करून दाखविली, आणि तीही काठ्यांची. दोन माणसे खुर्च्यांवर बसविली. त्यांनी हात पसरून काठ्या धरल्या, काठ्यांची दुसरी टोके खुर्च्यांस टेकविली. बाहेरच्या बाजूंस विटांचे ओझे टांगले, आणि मधल्या फळीवर वातानाबे नावाचा एक जपानी इंजिनिअर बसविला. माणसांचे हात ताण सोसत होते, काठ्या दाब सोसत होत्या. एवढ्यावरून सामान्य श्रोत्यासही पूल कळला. विद्वत्तेचा असा उपयोग करणारे लोक आपल्याकडे अधिक निपजावेत असे आम्हांस वाटते.

पण ह्या सर्व परीक्षा वरून येणाऱ्या भाराच्या झाल्या. बाजूने येणाऱ्या जोराची परीक्षा निसर्गच घेतो, आणि तो आगाऊ सूचना देत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटेने आणि नंतरच्या आगीने धुळीस मिळाली. नवे शहर वसविताना तेथील लष्करी इंजिनिअरांनी दगडी भिंतींच्या आत लाकडाचा एक पिंजराच बसविण्याचे ठरविले. उभी, आडवी आणि फुलीसारखी तिरकी लाकडे एकमेकांत गुंफून त्यांमधील जागा दगडविटांनी भरावयाची. भिंत पडली तरी पिंजरा उभा राहावा, हा हेतू. ह्या पिंजऱ्याचा नमुना चौकात उभारून त्याच्या भोवताली पलटणीचे शिपाई पाय आपटीत चालविले आणि अशा रीतीने कृत्रिम भूकंप करून तो पारखला, असे सांगतात. त्या रचनेच्या इमारती लिस्बनमध्ये अजून उभ्या आहेत. भिंतीवर विसंबलेल्या सांगाड्यास भिंतीवाचून उभे राहण्यास शिकविणे, हे त्या इंजिनिअरांनी ओळखलेले मर्म होय. आणि नेमके तेच आपल्या वाड्यांत राहून गेले होते.

आपल्याकडे ती परीक्षा ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाली. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, सारी माणसे थंडीत दारे लावून निजलेली असताना चार वाजून गेल्यावर जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता सहा रिश्टरच्या वर होती. पावणेदोनशेंच्या आसपास माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, आणि कोयनानगरातील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. दख्खनचा हा काळा पत्थर म्हणजे अढळ भूमी, येथे भूकंप व्हावयाचा नाही, ही तोवरची विद्वानांची समजूत होती. देशाचा भूकंपविषयक नकाशा १९६२ साली प्रथम तयार झाला. त्याच्या त्या आरंभीच्या रूपांत ह्या प्रदेशास जवळजवळ निर्धोक ठरविले होते. १९७० च्या नकाशातून तो निर्धोक वर्गच काढून टाकावा लागला.

कोयनेचे एकशे तीन मीटर उंचीचे धरण त्या धक्क्यातून वाचले, ही ईश्वरी कृपाच म्हटली पाहिजे. वाचले, पण तडे गेले. आणि ते तडे कोठे गेले हे पाहण्यासारखे आहे. धरणाची खालच्या अंगाची पाठ वरून बरीचशी सरळ उतरत येते आणि एका उंचीवर एकदम पसरू लागते. जेथे हा उतार बदलतो, बहुतेक त्याच पातळीवर काँक्रीट चिरफळले. काड्यांच्या पुलाची मोडतोड ज्याने पाहिली असेल त्यास हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. सांगाडा मोडतो तो जेथे आकार बदलतो किंवा सांधा येतो तेथे. धरणाच्या आत बसविलेल्या यंत्राने त्या पहाटे गुरुत्वाकर्षणाच्या सहा-दशांशाहून अधिक आडवा हिसका नोंदला. धरणाच्या आखणीत हा आडवा जोर वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका धरलेला होता. हे दोन आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडणे शास्त्रीय नव्हे, कारण यंत्राने नोंदला तो एका क्षणाचा हिसका होता. तरीही अपेक्षा व अनुभव ह्यांतील अंतर त्यावरून कळून येते. पुढे धरणास मागून जाड टेकू देऊन बळकटी आणण्यात आली.

धरणाच्या तड्यांवर देशोदेशींच्या पंडितांनी पुष्कळ लिहिले, आणि ते योग्यच झाले. पण माणसे मेली ती धरणाने नव्हे, घरांच्या भिंतींनी. त्या खोऱ्यातील घरे बहुतांशी मातीत रचलेल्या अनघड दगडांची. अशा भिंतीस दोन पदर असतात, आतला व बाहेरचा. मधली पोकळी चिपा व माती घालून भरलेली. दोन्ही पदरांस बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड गवंड्याने जागोजाग घातला नसेल, तर आडव्या हिसक्यासरशी दोन पदर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोटाशी फुगते, आणि ढासळते. म्हणजे ज्या भिंतीच्या भरवशावर सुताराने तिरके लाकूड घातले नव्हते, तीच सर्वांच्या आधी दगा देते. जेथे छपराचा भार भिंतीवरच टेकलेला असतो, तेथे भिंतीबरोबर वासे व कौलेही निजलेल्यांच्या अंगावर येतात. जेथे भार खांबांवर असतो, तेथे भिंत गेली तरी छप्पर वर राहण्याचा संभव असतो; पण त्या घटकेपासून खांबतुळयांची चौकट उघडी पडते, आणि आपल्या सांध्यांतील कुसवांच्या व हस्तांच्या बळावरच तिला तरावे लागते.

हाच पाठ सव्वीस वर्षांनी मराठवाड्यास फार भयंकर रीतीने मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथील माळवदी घरांतही लाकडी खणांचा सांगाडा होता. कित्येक ठिकाणी भिंती ढासळून गेल्यावर तो सांगाडा तसाच उभा राहिलेला दिसला. परंतु त्याच्या खाली निजलेली माणसे बाजूंच्या दगडांनी चिरडली गेली होती, आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीच्या थरांनी इतर ठिकाणी उरलेले काम पुरे केले होते. ह्यावरून पुष्कळांनी एक सरधोपट निष्कर्ष काढला की, जुने लाकूड-दगडाचे घर म्हणजे मरण आणि सिमेंटचे घर म्हणजे जीवन. आम्हांस हा निष्कर्ष अर्धाच खरा वाटतो. काश्मीरात तिरक्या लाकडांनी भरगच्च गुंफलेल्या चौकटींत पातळ वीटकाम भरण्याची जुनी पद्धत आहे. २००५ च्या भूकंपात ती घरे बऱ्याच ठिकाणी नव्या बांधणीपेक्षा चांगली टिकली. दोष लाकडाचा नव्हता. चौकटीत कर्ण नव्हता, भिंतीच्या दोन पदरांस बांधणारा दगड नव्हता, आणि घराभोवती कमरपट्ट्यासारखा फिरणारा एकसंध पट्टा नव्हता. ह्या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत. गवंड्यास व सुतारास त्या एका आठवड्यात शिकविता येतात.

येथे एक शंका निघण्याजोगी आहे. आता वाडे कोण बांधतो? साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगली-मिरजेत जिकडे पाहावे तिकडे सिमेंट-काँक्रीटच्या इमारती. मग ही खांबतुळयांची कथा केवळ पुराणवस्तूंची नव्हे काय? आम्ही उलट विचारतो की, त्या नव्या इमारतीही खांबतुळयांच्याच नव्हेत काय? त्यांचे कोपरे टाचणीने टोचलेले नसतात, एकसंध ओतलेले असतात, हे खरे. आतल्या सळया योग्य रीतीने गुंफल्या आणि त्यांभोवतीच्या कड्या पुरेशा जवळ बांधल्या, तर ती चौकट कर्णावाचूनही आडवा जोर सोसते. पण हा सगळा भरवसा डोळ्याआड असलेल्या कोपऱ्यांवर, आणि त्या दुपारी सळया बांधणाऱ्या मजुराच्या प्रामाणिकपणावर असतो. त्यात भर अशी की, वरच्या मजल्यांवर खोल्यांच्या विटांच्या भिंती चौकटींस आपोआप घट्ट करतात, आणि तळमजला मात्र मोटारी ठेवण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला असतो. म्हणजे भिंत पुन्हा तिरक्या काडीचे काम करू लागली, आणि जेथे सर्वांत अधिक जोर यावयाचा नेमक्या त्याच मजल्यावरून ती काढून घेतली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला. तेथून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक उंच इमारती कोसळल्या. त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या पुष्कळ होत्या. कोयनेच्या खोऱ्यातील जमीन तर १९६७ नंतरही लहानमोठे धक्के देत आलेली आहे. त्या खोऱ्यापासून कऱ्हाड काही अहमदाबादेइतके दूर नाही.

सांगलीत १९४७ साली धोंडूमामा साठे ह्यांच्या प्रयत्नाने जे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि १९५५ पासून जे वालचंदांच्या नावाने ओळखले जाते, तेथून व त्याच्यासारख्या संस्थांतून बाहेर पडलेले इंजिनिअर आज ह्या दोन्ही जिल्ह्यांत इमारती उभारीत आहेत. काड्यांच्या चढाओढींत भाग घेणारी मुले उद्या त्यांच्याच पंक्तीस बसणार. म्हणून आमची एक लहानशी सूचना आहे. बादली टांगण्याची परीक्षा चालू द्यावी. पण तिच्या जोडीला दुसरी एक असावी. काड्यांची तीन मजली चौकट उभारून ती एका फळीवर टाचावी, प्रत्येक मजल्यावर वाळूची पुरचुंडी ठेवावी, आणि फळीखाली चार गोट्या घालून ती हाताने बाजूने हिसकावी. प्रथम चौकट नुसतीच असू द्यावी. मग तिन्ही मजल्यांस पुठ्ठ्याच्या भिंती चिकटवून पुन्हा हिसकावी. ती आता मुळीच कलत नाही हे मुलांस दिसेल. शेवटी तळमजल्याचा पुठ्ठा तेवढा फाडून काढावा, आणि फळी तितक्याच जोराने पुन्हा हिसकावी. वरचे दोन मजले जसेच्या तसे राहतात, त्यांवरील पुठ्ठ्यास सुरकुतीही पडत नाही, आणि खालच्या चार काड्या एकाच बाजूला निजतात.